भिंगाची काटकसर, डोळ्याची उधळपट्टी

डोळ्यांत घालावयाच्या भिंगांची निगा हा काही अग्रलेखाचा विषय नव्हे, असे आमच्या काही वाचकांना वाटण्याचा संभव आहे. म्हादईचे पाणी, खाणींचे भवितव्य, जमिनींची रूपांतरे असे डोंगराएवढे प्रश्न समोर उभे असता नखाएवढ्या भिंगाची चर्चा कशासाठी, असेही कोणी विचारील. परंतु ज्या वस्तूच्या हयगयीने वापरामुळे धडधाकट तरुण माणसाचा डोळा आठवड्याभरात अधू होऊ शकतो, ती वस्तू कितीही लहान असली तरी तिचा प्रश्न लहान नसतो. कॉन्टॅक्ट लेन्स आज केवळ नटनट्यांची चैन राहिलेली नाही. महाविद्यालयात जाणारी मुले, कचेरीत नोकरी करणाऱ्या मुली, खेळाडू, नर्तक, दुचाकीवरून रोज वीस-पंचवीस किलोमीटर ये-जा करणारे नोकरदार अशा सामान्य घरांत ती पोहोचली आहे. वस्तू पोहोचली; तिच्याबरोबर यावयास हवी असलेली शिस्त मात्र पोहोचली नाही. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या भिंगांची कुळकथा थोडक्यात सांगण्यासारखी आहे. डोळ्यावर बसणारे काचेचे भिंग १८८०च्या दशकाच्या अखेरीस युरोपात तयार झाले. ते जाड, जड आणि काही तासांपलीकडे सोसवणारे नव्हते. १९४८ साली अमेरिकेत केव्हिन टुही यांनी केवळ बुबुळापुरते लहान असे कठीण प्लॅस्टिकचे भिंग बनविले. खरी क्रांती घडविली ती प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तेर्ले यांनी. पाणी शोषून मऊ होणारा एक पदार्थ त्यांनी व त्यांचे सहकारी द्राहोस्लाव लिम यांनी सिद्ध केला होता. त्याचे भिंग ओतण्याचे पहिले यंत्र विख्तेर्ले यांनी १९६१ च्या नाताळात आपल्या घरीच, मुलांच्या खेळण्यातील जोडणीचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो वापरून उभे केले. अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने १९७१ मध्ये मऊ भिंगांच्या विक्रीस मान्यता दिली, आणि पुढे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ठरावीक दिवसांनी टाकून द्यावयाची भिंगे बाजारात आली. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तर सकाळी घालून रात्री फेकून द्यावयाची भिंगे निघाली.

'टाकून द्यावयाची' हे दोन शब्द आपल्या मनाला रुचत नाहीत, आणि सगळ्या अनर्थाचे मूळ तेथेच आहे. आपली घडणच काटकसरीची. जुन्या लुगड्याची गोधडी करणारी, नारळाच्या करवंटीपासून सोडणापर्यंत कशाचेही वाया जाऊ न देणारी ही संस्कृती आहे, आणि तिचा आम्हांस अभिमानच वाटतो. परंतु गुणाची जागा चुकली म्हणजे त्याचाच दोष होतो. महिन्याचे भिंग तीन महिने वापरणे, रोज टाकावयाचे भिंग रात्री भिजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालणे, डबीतील कालच्या द्रावणावर आजचे चार थेंब ओतून भागविणे, ही काटकसर नव्हे. काही रुपयांच्या भिंगासाठी अमोल डोळा पणास लावण्याची ही उधळपट्टी आहे.

भिंग ठरल्या वेळी बदलावेच का लागते, हे नीट समजून घेतले पाहिजे. बुबुळावर काचेसारखा स्वच्छ असा जो पडदा असतो, ज्याला वैद्यकीय परिभाषेत पारपटल म्हणतात, त्यात रक्तवाहिन्या नसतात. रक्त नाही म्हणूनच तो पारदर्शक राहतो. परंतु त्यामुळेच त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंत विरघळून घ्यावा लागतो. डोळा मिटला की हा पुरवठा मुळातच घटतो. वर भिंग असले म्हणजे पारपटलाचा जणू श्वासच कोंडतो. कोंडलेल्या पारपटलाची वरची कातडी दुबळी होते आणि जंतूंना आत शिरावयास वाट मिळते. दुसरीकडे अश्रूंतील प्रथिने, स्निग्धांश आणि क्षार भिंगावर दिवसेंदिवस साचत जातात. हा थर डोळ्यांना दिसत नाही, पण पापणीच्या आतल्या बाजूस तो खुपतो, आणि जंतूंना चिकटून राहावयास तो उत्तम आसरा असतो. नेहमीच्या धुण्याने हा थर पुरता निघत नाही. म्हणून भिंग बदलण्याची मुदत ही कारखानदाराने खप वाढविण्यासाठी काढलेली युक्ती आहे, असा जो समज ऐकू येतो, तो निराधार आहे.

मुदत मोजण्यातही घोटाळा होतो. महिन्याचे भिंग म्हणजे तीस वेळा घालावयाचे भिंग नव्हे. वेष्टन फोडल्यापासून तीस दिवसांचे भिंग होय. लग्नकार्यापुरते चार वेळा घातले आणि बाकीचे दिवस डबीत ठेवले, म्हणून ते चार महिने चालत नाही. वेष्टन फोडल्याची तारीख घरातील कालनिर्णयावर मांडून ठेवावी. देवादिकांच्या तिथ्यांबरोबर डोळ्यांचीही एक तिथी तेथे नोंदविली जाईल. जी कठीण भिंगे असतात ती दीर्घकाळ टिकतात हे खरे. पण त्यांचीही मुदत आणि तपासणी नेत्रतज्ज्ञानेच ठरवावयाची असते, आपण नव्हे.

झोपेच्या बाबतीत तर आकडेच बोलके आहेत. अमेरिकेत १९८१ साली काही भिंगांना सलग तीस दिवस, रात्रंदिवस, डोळ्यांत ठेवण्याची परवानगी मिळाली होती. १९८९ मध्ये न्यू इंग्लंड भागातील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मऊ भिंगे केवळ दिवसा घालणाऱ्यांत दर १०,००० माणसांमागे वर्षाला सुमारे ४ जणांच्या पारपटलावर जंतुसंसर्गाचा व्रण झाला. रात्रंदिवस घालावयाची भिंगे वापरणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २१ होते. त्याच वर्षी ती तीस दिवसांची मुदत सातावर आणली गेली. पुढे अधिक प्राणवायू आत सोडणारी सिलिकॉनयुक्त भिंगे निघाली, आणि आता धोका सरला असे पुष्कळांना वाटले. पण २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या पाहणीत दिवसा मऊ भिंगे वापरणाऱ्यांत हे प्रमाण दर १०,००० मागे सुमारे २, तर झोपेतही सिलिकॉनयुक्त भिंगे ठेवणाऱ्यांत सुमारे २५ आढळले. भिंग सुधारले, झोपेचा धोका कायम राहिला. रोज नवे भिंग घालणाऱ्यांनाही संसर्ग होतच नाही असे नव्हे. मात्र झाला तरी त्यातून दृष्टी कायमची जाण्याचा संभव कमी असतो, असे लंडनमधील अभ्यासात दिसून आले आहे. दर दहा हजारांत दोन ही संख्या अल्प आहे, आणि भिंगांची उगीच धास्ती घेण्याचे कारण नाही हेही त्यातून कळते. नीट वापरली तर ती सुरक्षित आहेत. त्यातील 'नीट' हा शब्द तेवढा विसरून चालणार नाही.

झोपेखालोखाल शत्रू कोणता, तर पाणी. हे आमच्या वाचकांना विचित्र वाटेल. पाणी म्हणजे शुद्धी, असे आपले संस्कार सांगतात. परंतु जे पाणी देवाच्या अभिषेकास चालते ते भिंगास चालत नाही. विहिरीचे, नळाचे, गाळलेले, उकळून थंड केलेले, बाटलीबंद, कोणतेही पाणी असो, त्यात भिंग धुऊ नये, ठेवू नये आणि भिंगाची डबीही विसळू नये. याचे कारण अकान्थअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव. माती, तळी, विहिरी, नळ अशा सर्व ठिकाणी तो राहतो. प्रतिकूल काळात तो स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि साध्या जंतुनाशकाला दाद देत नाही. त्याने पारपटलात शिरकाव केला की वेदना असह्य असतात, उपचार महिनेन् महिने चालतात, आणि डोळा वाचेलच याची शाश्वती नसते. १९८०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत या रोगाची जी प्रकरणे वाढली, त्यांचा संबंध मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरी केलेल्या द्रावणाशी लागला. २०१८ साली लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातील संशोधकांनी दाखवून दिले, की दक्षिण-पूर्व इंग्लंडमध्ये हा रोग २०११ पासून जवळजवळ तिप्पट झाला होता, आणि भिंगे घालून तलावात पोहणे व अस्वच्छ वापर ही त्यामागची कारणे होती.

इंग्लंडचे आम्हांस काय, असे कोणी म्हणू नये. उलट आपली स्थिती अधिक सावधगिरीची आहे. पाश्चात्त्य देशांत हा रोग बहुतेक भिंगे वापरणाऱ्यांतच दिसतो. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणच्या अनुभवातून असे दिसून आले आहे, की आपल्या देशात तो भिंगे न वापरणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, डोळ्यांत माती वा गढूळ पाणी गेलेल्या माणसांतही मोठ्या प्रमाणात आढळतो. याचा अर्थ उघड आहे. तो जीव आपल्या मातीत आणि पाण्यात आधीपासूनच वास करून आहे; भिंग घालून आपण त्याला आमंत्रण तेवढे द्यावयाचे बाकी असते. समुद्रात डुंबताना, नदीत वा देवळाच्या तळीत स्नान करताना, पावसाळ्यात धबधब्याखाली उभे राहताना, इतकेच काय पण घरच्या न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतानाही भिंगे डोळ्यांत असू नयेत. गणपती विसर्जनाच्या वेळी पाण्यात उतरणाऱ्या तरुणांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

द्रावण विकत आणले म्हणजे सर्व काही झाले, असेही नाही. २००५-०६ मध्ये सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिकेत भिंगे वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युसेरियम या बुरशीचा अकल्पित प्रादुर्भाव झाला. अमेरिकेत १६४ प्रकरणे निश्चित झाली, आणि त्यांतील सुमारे एक-तृतीयांश रुग्णांवर पारपटल बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागली वा ठरवावी लागली. शोधाअंती बोट एका नामांकित कंपनीच्या विशिष्ट द्रावणाकडे गेले आणि मे २००६ मध्ये ते जगभरच्या बाजारांतून मागे घेण्यात आले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीचे द्रावण अकान्थअमीबाच्या प्रकरणांमुळे मागे घ्यावे लागले. त्या वेळच्या तपासात आणखी एक गोष्ट आढळली: डबीतील जुने द्रावण न ओतता त्यावरच नवे भरण्याची सवय असणाऱ्यांत हा रोग अधिक होता. म्हणजे कारखानदाराची चूक आणि वापरणाऱ्याचा आळस यांची युती झाली की डोळ्याला वाली उरत नाही.

तेव्हा रोजचा आचार कसा असावा? साबणाने हात स्वच्छ धुवावेत आणि धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावेत. ओल्या हातानेही नळाचे पाणी भिंगाला लागते, हे विसरू नये. मासळी साफ केलेले, मिरची वाटलेले किंवा केसांना खोबरेल लावलेले हात तर दोनदा धुवावेत. भिंग तळहातावर घेऊन त्यावर द्रावणाचे थेंब टाकावेत, बोटाच्या टोकाने दोन्ही बाजू हलकेच चोळाव्यात आणि द्रावणानेच धुऊन काढाव्यात. बाटलीवर 'चोळण्याची गरज नाही' असे छापलेले असले तरी चोळावे. डबीत दर वेळी नवे द्रावण भरावे. सकाळी भिंगे काढून घेतल्यावर डबी रिकामी करून द्रावणाने धुवावी, स्वच्छ कागदाने पुसावी आणि झाकणे उघडी ठेवून उपडी वाळत ठेवावी. पावसाळ्याच्या चार महिन्यांत आपल्या घरांत चपलांनाही बुरशी येते, तेथे न्हाणीघरातील ओल्या फळीवर ठेवलेल्या डबीची काय गत होत असेल, याची कल्पना करावी. ही डबी कितीही चांगली दिसली तरी दर तीन महिन्यांनी टाकून द्यावी. द्रावणाची बाटली फोडल्यावर तिच्यावर छापलेल्या मुदतीपलीकडे ती वापरू नये, उन्हात तापलेल्या मोटारीत ठेवू नये, आणि प्रवासासाठी म्हणून लहान बाटलीत ओतून घेऊ नये. नुसते सलाइन म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी. ते धुण्यास चालते, जंतू मारण्यास नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडयुक्त द्रावण जंतू मारण्यात अव्वल. पण ते त्याच्याच खास डबीत, कंपनीने सांगितलेले तास पूर्ण होऊन निवल्याशिवाय डोळ्याला लागता कामा नये. लागले तर डोळा भाजल्यासारखा होतो. खाली पडलेले भिंग थुंकीने ओले करून पुन्हा घालणाऱ्यांविषयी काही न लिहिणेच बरे. तोंडातील जंतू डोळ्यांत नेण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

स्त्रियांनी भिंगे आधी घालावीत आणि काजळ वा अन्य प्रसाधन नंतर. उतरविताना भिंगे आधी काढावीत. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरू नये. शिमग्याच्या गुलालात, होमाच्या धुरात, जत्रेच्या धुळीत त्या दिवसापुरता चष्मा लावणे शहाणपणाचे. आपल्याकडे देवळाच्या जत्रांतून रात्रभर नाटके चालतात. रंगमंचावरील आणि समोर बसलेली तरुण मंडळी पहाटे घरी येऊन तशीच आडवी होतात. अशा रात्रीपुरता चष्मा खिशात ठेवावयास काय हरकत आहे? ज्याच्यापाशी भिंगे आहेत त्याच्यापाशी नव्या क्रमांकाचा चष्मा असलाच पाहिजे. चष्मा नसला की दुखऱ्या डोळ्यातही भिंग घालण्याचा मोह टळत नाही.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, पाणी वाहू लागले किंवा अंधुक दिसू लागले, तर भिंग तत्काळ काढावे आणि पुन्हा घालू नये. काढल्यावर बरे वाटले तरी थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञास गाठावे. जाताना भिंगे आणि डबी बरोबर न्यावी, कारण कोणत्या जंतूने घात केला हे कधीकधी त्या डबीवरूनच कळते. मध, गुलाबपाणी, अंगावरचे दूध असले घरगुती उपाय करू नयेत. औषधाच्या दुकानातून आपल्याच मताने थेंबही आणू नयेत. त्यांत स्टेरॉइड असले तर डोळा दोन दिवस पांढरा दिसतो आणि आत रोग फोफावतो. आपल्या आज्यापणज्यांच्या काळात 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणत. ते फूल म्हणजे अशाच व्रणाचा पारपटलावर राहिलेला पांढरा डाग. एकदा पडलेले हे फूल कोणत्याही थेंबाने कोमेजत नाही.

यात दुकानदारांचीही जबाबदारी आहे. डोळे न तपासता, घालण्या-काढण्याचा सराव करून न घेता, केवळ चष्म्याच्या क्रमांकावरून भिंग हाती देणे हा व्यापार नव्हे, हा अपराध होय. निळ्या-हिरव्या रंगीत भिंगांची तर आणखी वाईट स्थिती आहे. ज्यांना क्रमांकच नाही अशा मुली लग्नसमारंभापुरती ती आणतात आणि मैत्रिणींत अदलाबदल करून घालतात. अमेरिकेने २००५ पासून, क्रमांक नसलेल्या रंगीत भिंगांसही वैद्यकीय साधन ठरवून, वैद्याच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री निषिद्ध केली आहे. आपल्याकडील अधिकाऱ्यांनीही या विक्रीवर डोळसपणे लक्ष ठेवावे, आणि शाळा-महाविद्यालयांतील नेत्रतपासणी शिबिरांत क्रमांक काढून देण्याबरोबरच भिंगांच्या निगेचा पाठ द्यावा, अशी आमची सूचना आहे. वर्षातून एकदा तपासणी करून घेणे हे तर वापरणाऱ्याचे स्वतःचेच कर्तव्य. इंग्लंडमध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ६७ वर्षांच्या एका बाईंच्या डोळ्यात एकमेकांना चिकटलेली व सुटी अशी २७ भिंगे सापडल्याचे वृत्त २०१७ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पस्तीस वर्षे त्या भिंगे वापरीत होत्या. नियमित तपासणीस मात्र जात नव्हत्या.

अखेर एक गोष्ट स्पष्टपणे बोलावयास हवी. आपल्या समाजात पुष्कळ मुली भिंगांकडे वळतात त्या आवडीने नव्हे, तर 'चष्म्याची मुलगी' म्हणून स्थळे परत जातील या धास्तीने. पाहण्याच्या कार्यक्रमापुरते घातलेले भिंग मग सासरीही लपविले जाते. न्हाणीत, स्वयंपाकघरात, रात्री झोपतानाही ते डोळ्यांत राहते, कारण डबी आणि बाटली कोणाच्या दृष्टीस पडू द्यावयाची नसते. जंतूंना याहून चांगले रान कोणते मिळणार? मुलीचा चष्मा ज्यांना खटकतो त्यांनी तिच्या डोळ्यांची किंमत कधी केलेलीच नसते. भिंगे ज्याला परवडतात, झेपतात आणि ज्याची शिस्त पाळण्याची तयारी आहे त्याने ती अवश्य वापरावीत. ज्याला वेळेवर बदलणे परवडत नाही त्याने निःसंकोच चष्मा लावावा. चष्म्यात कमीपणा कसला? मुदत संपलेले भिंग केराच्या टोपलीत टाकताना हात अडखळेल, तेव्हा एवढेच आठवावे: भिंग बाजारात पुन्हा मिळते.